पोळ्याच्या दिवशी वेसमाय

पोळ्याची दुपार. बैलांची शिंगं हिंगुळानं रंगवून झालेली, वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं तेवढं राहिलेलं, आणि नेमका तेव्हाच सरकारी ओव्हरसियर शिडी लावून वेशीवर चढलेला! अख्ख्या वर्षात दुसरा दिवस सापडला नाही मेल्याला.

सुंदरबाई तेलाची वाटी आणि शेंदूर घेऊन आली ती जागीच थबकली. कमानीवरचा तो दगड म्हणजे गावाची वेसमाय. तिला तेल-शेंदूर लागल्याशिवाय पोळ्याचे बैल वेशीखालून जात नसत, आणि तो लावायचा मान सुंदरबाईच्या घराचा. "वेसमाय, आत निजेल त्याले भेव नको," एवढंच म्हणायचं, सासूनं शिकवलेलं. आणि हा बाबा चाकूनं शेंदूर खरवडत होता! खपल्याच्या खपल्या खाली पडत होत्या.

"हात झडतीन तुहे! उतर खाली!"

"आजी, ओरडू नका," ओव्हरसियर वरूनच म्हणाला. "ही देवी-बिवी काही नाही. फारसी लेख आहे. साहेबांना हा दगड बंगल्याच्या बागेत हवाय. पाटलांनी गाडी कबूल केलीय."

खरंच, शेंदराखालून वळणदार अक्षरं वर आली होती. जमलेल्यांत कोणीतरी फिसकन हसलं. "काकू, जल्मभर सुलतानाले शेंदूर लावला का व?"

सुंदरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पितांबर पाटलानं नजर चुकवली. "जाऊ दे ना अक्का. आपली देवी तं नाही ना थे. नेऊ दे त्यायले."

लेख वाचायला रावेरहून आणलेले म्हातारे मुनशी सावलीला बसले होते. सुंदरबाई तडक त्यांच्यापुढे गेली. "मुनशीबाबा, काय लिव्हेल आहे थे तं सांगा."

मुनशींनी डोळे बारीक करून वर पाहिलं. "सुलतानाच्या अमलात ही वेस आणि हा बुरूज बांधला, असं आहे. पुढं लिहिलंय, बांधणाऱ्याला दुवा द्या. ह्या भिंतीच्या आत जो निजेल, तो निर्भय असो."

सुंदरबाईनं पदर खोचला.

"मंग मी येगळं काय मांगत होती रे?" ती त्या हसणाऱ्याकडे वळली. "नाव चुकलं असंन माह्यं. मांगनं नाही चुकलं!" आणि पाटलाला म्हणाली, "पितांबरभाऊ, पेंढारी आले तवा तुहा पणजा याच बुरुजामांगं लपेल होता नं? तवा इचारलं का त्यानं, का बुरूज कोनाचा म्हनून?"

आता लोक पाटलाला हसू लागले.

ओव्हरसियर चिडला. त्यानं बरोबर आणलेल्या गड्याला पहार पुढं करायला सांगितलं. "काढ रे दगड!"

"काढ," सुंदरबाई म्हणाली. "पन नेशीन कशावर? आज पोळा हाये. आज या गावात बैलाच्या खांद्यावर जू कोन ठेवतो, थे पाहू दे मले!"

सगळे पाटलाकडे बघू लागले. झुली पांघरलेली त्याची जोडी वेशीतच उभी होती, कालच तुपा-हळदीनं खांदे मळलेली. पाटलानं एका बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"गाडी नाही भेटनार, सायेब."

"बरं, उद्या?"

"उद्याबी नाही."

"मी साहेबांना काय सांगू?"

"सांग," सुंदरबाई म्हणाली, "का वेशीत एक म्हातारी बसेल हाये. तिले उचला आंधी."

ओव्हरसियर पाय आपटत खाली उतरला. शिडी तशीच होती. सुंदरबाई वाटी घेऊन तिच्यावर चढली. खालून कोणी "पडशीन व माय" म्हणालं, तिनं लक्ष दिलं नाही. तेल तिनं सगळ्या दगडाला लावलं. शेंदूर मात्र या वर्षी फक्त कडेकडेनं लावला आणि अक्षरं उघडी ठेवली. पुन्हा कोणी दगड न्यायला आलाच, तर त्याला आधी ती वाचावी लागणार होती.