वरच्या मजल्याचं बाथरूम

सकाळी तिने इस्त्री लावली की घरातला फ्यूज उडायचा. मग नवरा स्टुलावर चढायचा, जुन्या लाकडी बोर्डावरच्या मेन फ्यूजला नवी तार गुंडाळायचा आणि उतरताना म्हणायचा, "तुझी ती इस्त्री भंगारात घाल." दर खेपेला तार आधीपेक्षा जाड असायची. शेवटी एके दिवशी फ्यूज उडालाच नाही, बोर्डातूनच धूर निघाला. तेव्हा मात्र तिने नवऱ्याला स्टुलावरून खाली उतरवलं आणि वायरमनला बोलावलं.

वायरमनने मेन स्विच पाडून फ्यूज उपसला नि डोळे मोठे केले. "साहेब, ही फ्यूजची तार आहे की कपडे वाळत घालायची?"

साहेबांना एकदम पेपर वाचायची आठवण झाली.

जळकी तार बदलून वायरमनने घरातलं एकूण एक बटण बंद केलं, फ्रिजसुद्धा. मेन चालू करून मीटर लावला, तर काटा वर!

"घरात काही चालू नाही, मग वीज खातंय कोण?" त्याने एकेक फ्यूज काढून पाहिला. कडेचा काढला मात्र, वरच्या मजल्यावरून किंकाळी आली.

वर थोरली जाऊ राहायची. जिन्याखाली सायकल कुणी लावायची, यावरून दोघींचं बोलणं कधीचंच तुटलं होतं. तीच आता डोक्याला टॉवेल गुंडाळून, कपाळावर फेस घेऊन दारात उभी राहिली.

"पुन्हा दिवा गेला, गीझर गेला! चाललंय काय इथे?"

"बाई, तुमचं बाथरूम यांच्या बोर्डावर आहे," वायरमन म्हणाला. "घराच्या वाटण्या झाल्या, पण ही वायर वाटायची राहिली."

थोरलीचा चेहरा पडला. "म्हणजे इतकी वर्षं मी हिच्या विजेवर न्हातेय?"

धाकटीच्या जिभेवर झणझणीत उत्तर तयार होतं. इस्त्रीचे सगळे टोमणे तिला आठवले. पण तेवढ्यात फेस थोरलीच्या डोळ्यात उतरला, आणि ती लहान मुलीसारखी डोळे चोळायला लागली.

"चोळू नका ताई, आणखी झोंबेल. या आत."

तिने गॅसवर पाणी तापवलं. थोरली मोरीत वाकून बसली, धाकटी तांब्याने पाणी ओतत राहिली.

"तुमचा फ्यूज उडायचा तो माझ्या गीझरमुळे?" फेसातून आवाज आला.

"गीझर आणि इस्त्री एकत्र चालली की."

"आणि बोलणी तू खायचीस?"

"मग काय तर!"

थोरली हसली, तोंडात पाणी गेलं, ठसका लागला. धाकटीने तिच्या पाठीवर थोपटलं.

दुपारपर्यंत भिंतीवर नवी पेटी बसली. जरा जादा भार आला की आपोआप पडणारे स्विच, आणि धक्का बसायच्या आत वीज तोडणारा एक वेगळा. वरची वायर सोडवून बाजूला ठेवली होती.

"ती वरच्या बोर्डाला जोडायची," वायरमन म्हणाला, "पण आधी तो बोर्ड बघू द्या."

थोरली जिन्यापाशी घुटमळली. "तूही चल ना गं. या विजेच्या भानगडीतलं मला ओ की ठो कळत नाही."

धाकटीने हात पुसले आणि तिच्या पुढे होऊन जिना चढायला लागली.