सुनेचा मऊ भात

मरण ही माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात क्षुल्लक घटना आहे, असं आत्माराम करंबेळकर पुण्याच्या ज्येष्ठ नागरिक संघात टाळ्यांच्या कडकडाटात सांगून आले होते. जर्मनीत वोल्फ्सबुर्गला मुलाकडे आल्यावर सुनेनं, अश्लेषानं, सकाळी त्यांच्यापुढे मऊ भाताचा वाडगा ठेवला आणि त्यांच्या हातातला चमचा खाली पडला.

करंबेळकरांच्या घराण्यात मऊ भात दोनच प्रसंगी शिजे. बाळाला दात नसताना आणि म्हाताऱ्याची आशा नसताना. आत्मारामपंतांनी जिभेनं दात चाचपून पाहिले. सगळे जागेवर होते.

"बाबा, सकाळी गरम, पचायला हलकं असं खायचं," सून म्हणाली. "शरीराचा बॅलन्स राहतो. चिनी लोक हजारो वर्षं खातायत. मी सांगितलं ना, फोक्सहोखशूलेत, इथल्या प्रौढांच्या शाळेत, चिनी स्वयंपाकाचा क्लास लावलाय संध्याकाळचा."

आत्मारामपंतांनी मान डोलावली आणि एका अक्षरावरही विश्वास ठेवला नाही. चहासाठी चीनचं नाव घेतलं तर समजण्यासारखं आहे. मऊ भातासाठी एवढ्या लांब जायचं कारण काय? माणसं लांबचं कारण देतात तेव्हा जवळचं लपवायचं असतं.

आणि जवळचं कारण त्यांना दिसतच होतं. निघण्याआधी विम्यासाठी रक्त, लघवी, छाती असं सगळं तपासलं होतं. रिपोर्ट परस्पर मुलाच्या ईमेलवर गेला. अनिमेष फोनवर म्हणाला होता, "सगळं नॉर्मल आहे, बाबा." पोराचा आवाज मात्र फार नॉर्मल होता.

मग ते लक्ष ठेवू लागले. फ्रिजमधलं पाणी बंद झालं, कोमट आलं. रात्रीचं दही गेलं. केळ्याला हात लावला तर अश्लेषा म्हणाली, "नको बाबा, थंड असतं ते." एके दुपारी ती शेजारी येऊन बसली आणि हळू आवाजात विचारू लागली, "बाबा, हातपाय गार पडतात का हो तुमचे?"

आत्मारामपंतांचे हातपाय त्या क्षणी गार पडले.

"रात्री घाम येतो? तोंडाला चव आहे?"

"आहे," ते कसेबसे म्हणाले. सून फोनवर काहीतरी टिपत होती.

त्यांनी बायकोला बेडरूममध्ये गाठलं. "सरला, तुला काय काय सांगितलंय त्यांनी? खरं बोल."

"सांगितलं ना," सरलाबाई तावातावानं म्हणाल्या, "वांगं थंड म्हणे! आपल्याकडे जन्मभर उष्ण, आणि इथं येऊन थंड? मी म्हटलं, तुमचं चिनी वांगं वेगळं असेल, बाई."

आत्मारामपंतांनी डोळे मिटले. बायकोलाही सामील करून घेतलं होतं, आणि तिला विषय बदलायला चांगलं शिकवलं होतं.

रविवारी क्लासच्या बाई कॉफीला आल्या. फ्राऊ ब्रिंकमान. उंच, शांत, करड्या केसांच्या. केकचा तुकडा संपल्यावर त्यांनी आत्मारामपंतांना जीभ दाखवायला सांगितलं. स्वयंपाक शिकवणारी बाई पाहुण्याची जीभ कशाला बघेल? उघडच होतं, डॉक्टर होती, केक खायच्या वेशात आलेली. त्यांनी जीभ काढली. बाई वाकून बघत राहिल्या. मग सुनेशी जर्मनमध्ये बराच वेळ बोलल्या. सून "या, या... गेनाऊ" असा होकार देत गंभीर झाली. मग दोघी एकदम हसल्या, आणि आत्मारामपंतांकडे बघून एकदम थांबल्या.

एवढं पुरे होतं. पुढच्या शनिवारी अनिमेषला कारखान्याची सुट्टी होती. सकाळी वाडगा समोर येताच आत्मारामपंत उभे राहिले.

"बसा सगळे. मला सगळं कळलंय. तुम्ही माझ्यासाठी लपवलंत, त्याबद्दल राग नाही. माझी तयारी आहे. फक्त एक करा, मला पुण्याला न्या. इथल्या थंडीत मला ठेवू नका. आणि सरला, तू रडू नकोस."

सरलाबाई टोस्टला लोणी लावत होत्या. "मी कुठे रडतेय?"

"बाबा, काय झालंय तुम्हाला?" अनिमेष घाबरून उठला.

"ते तूच सांग. रिपोर्टमध्ये काय आहे?"

"तुमचं बी-ट्वेल्व्ह थोडं कमी आहे! गोळ्या घेताय ना त्याच्या. बाकी शुगर माझ्यापेक्षा चांगली आहे तुमची."

"मग हा मऊ भात?"

"तो आम्ही दोघं रोज खातो, साडेसहाला," अश्लेषा म्हणाली. तिनं पातेल्याचं झाकण काढून दाखवलं. आत चार माणसांना पुरेल इतका होता, वर आल्याचे तुकडे. "तुम्ही उठता नऊला, म्हणून तुम्हाला आम्ही खाताना दिसत नाही."

"हातपाय गार पडतात का, असं कोण विचारतं जिवंत माणसाला?"

"क्लासचा गृहपाठ होता, बाबा! घरातल्या एकाला निवडून सगळं विचारायचं, मग त्याला मानवेल असं जेवण ठरवायचं. आई वांग्यावरून भांडायला लागल्या, म्हणून तुम्हाला निवडलं."

"वांगं उष्णच असतं," सरलाबाई टोस्ट चावत म्हणाल्या.

"आणि ती बाई का हसली?"

अश्लेषानं नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही जीभ आत घेतच नव्हता, बाबा. ती तीनदा डांके, थँक्यू म्हणाली. कॉफी ओतून झाली तरी तुमची बाहेरच."

आत्मारामपंत सावकाश खाली बसले. मरण टळलं होतं, पण भाषणही वाया गेलं होतं, आणि यातलं जास्त काय लागलं हे त्यांना लगेच ठरवता येईना. आणि अजूनही, सगळे इतक्या एका सुरात बोलतात म्हणजे... त्यांनी एकेकाचा चेहरा निरखून पाहिला. अनिमेषनं स्वतःचा वाडगा भरून घेतला आणि तो खाऊ लागला. सरलाबाईंनी दुसरा टोस्ट घेतला. मरणाऱ्या माणसासमोर कोणी इतक्या शांतपणे लोणी लावत नाही.

त्यांनी वाडगा पुढे ओढला, एक चमचा तोंडात घातला, गिळला.

"अश्लेषा."

"काय, बाबा?"

"एक पापड देशील?" ते म्हणाले. "भाजू नकोस. तळ."