शेऱ्याचा रकाना

मला पसारा खपत नाही. टेबलावर दोन पेनं आडवीतिडवी दिसली तरी माझं डोकं फिरतं. त्यामुळे झाडपाल्यातून कॅन्सरवर औषध शोधणाऱ्या आमच्या संस्थेत नोंदी ठेवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडलंही. बाहेरून झाडपाला यायचा, सोबत हाताने भरलेला कागद यायचा, आणि तो कागद मी संगणकावर चढवायचे.

झाडपाला आणायच्या जंगलकाकू. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कोणी वापरत नसे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी संस्थेने त्यांना सोडलं नव्हतं, कारण त्यांच्यासारखी नजर दुसऱ्या कोणाकडे नव्हती. कुठल्याही झाडाचं पान हातात घेऊन त्या आधी चुरगाळायच्या, मग हुंगायच्या, मग जिभेच्या टोकाला लावायच्या आणि मगच नाव घ्यायच्या. जिभेला लावायची त्यांना सक्त मनाई होती. ती मनाई त्या दर वेळी शांतपणे ऐकून घ्यायच्या.

फुलंपानं दाबून, वाळवून त्या जाड कागदावर टाके घालून शिवायच्या. साल, मुळं कापडी पिशवीत भरून सावलीत वाळवायच्या. आणि मग कागद भरायचा: तारीख, जागा, झाडाची उंची. सगळ्यात शेवटी शेरा. शेऱ्यात काकूंचा हात सुटायचा. ‘पानामागे मुंग्यांची रांग.’ ‘तोडल्यावर कच्च्या बटाट्याचा वास.’ ‘बकऱ्या याला तोंड लावत नाहीत, शेजारच्याला लावतात.’ माझ्या संगणकावर शेऱ्याला दोन ओळींची जागा होती. मी लाल पेन्सिल घेऊन बसायचे, बकऱ्या आणि बटाटे खोडायचे आणि कामाचं तेवढं उतरवायचे. मोठ्या सरांनी एकदा माझ्या आटोपशीर नोंदींचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. झालं, त्यानंतर माझी पेन्सिल जास्तच चालायला लागली.

कौतुक मलाही होतं, पण झाडांचं. माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी रक्ताचा कॅन्सर झाला होता. तिच्या शिरेतून जी औषधं गेली त्यातलं एक सदाफुलीच्या झाडातून काढलेलं होतं. कुंडीत, रस्त्याच्या कडेला, कोणी पाणी घातलं नाही तरी फुलणारी ती सदाफुली! शेकडो किलो पानांतून चिमूटभर औषध निघतं, आणि पानं नुसती उकळून पिणाऱ्याला ते मिळत तर नाहीच, वर विषबाधा होते. कोणीतरी वर्षानुवर्षं बसून ते वेगळं काढलं म्हणून आज माझी बहीण दोन मुलांवर ओरडते आहे. अजूनही कोणी सदाफुलीचं झाड उपटताना दिसलं तर मी अंगावर धावून जाते.

तर दोनशे बारा नंबरचा नमुना म्हणजे काकूंनी आणलेली एका रानझाडाची साल. झाडाचं नाव मी सांगणार नाही. बाहेर सांगायचं नाही असा सरांचा नियम आहे, आणि तो मला पटतो, नाहीतर उद्या लोक चालू उपचार सोडून साल चघळत बसतील.

ही साल आमच्याकडे दीड वर्ष पडून होती. मग तिची पाळी आली, अर्क काढला गेला आणि पेशीवालीकडे गेला. पेशीवाली म्हणजे आमच्याकडची संशोधक. कॅन्सरच्या पेशी बशीत वाढवायच्या आणि त्यांच्यावर एकेक अर्क घालून बघायचा, हे तिचं काम. दोनशे अकरा अर्कांनी तिला हात हलवत परत पाठवलं होतं. त्या दिवशी ती हातमोजे न काढताच बाहेर धावत आली.

“मेल्या!” ती ओरडली. “सगळ्या मेल्या!”

“बशीतल्या पेशी फिनेलनेही मरतात,” मोठे सर म्हणाले. त्यांना हुरळून जाणं माहीतच नाही.

“सर, शेजारच्या बशीत चांगल्या पेशी होत्या. त्या जिवंत आहेत.”

सर उठले, स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही. बशीपासून माणसापर्यंत पंधरा वर्षांचा रस्ता असतो आणि बहुतेक जण वाटेतच गळतात, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला.

पुढच्या कामाला बरीच साल हवी होती. नेमका तेव्हाच काकूंचा पाय मोडला होता. म्हणून माझ्या नोंदीची छापील प्रत घेऊन दोन माणसं गेली. झाडावर काकूंनी ठोकलेला पत्र्याचा बिल्ला होता, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी छान, निरोगी, एकसारखी साल आणली. अर्क घातला. पेशींना ढिम्म फरक पडला नाही. पुन्हा आणली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

सरांनी काकूंना बोलावून घेतलं. त्या काठी टेकत आल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, हेही त्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं.

“काकू, पहिल्या वेळी पिशवी बदलली असेल का?” सरांनी आवाज शक्य तितका मऊ ठेवला होता.

“माझी पिशवी तीस वर्षांत बदलली नाही, सर.”

“मग त्या सालीत वेगळं काय होतं?”

“दीड-दोन वर्षांपूर्वीचं आता कसं आठवेल? वेगळं काही दिसलं असेल तर मी लिहिलं असणार. कागद बघा ना.”

“बघितला.” सरांनी माझी छापील प्रत त्यांच्यापुढे ठेवली. “साल, मुख्य खोड, जमिनीपासून हातभर उंचीवर. एवढंच आहे.”

काकूंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि खाली ठेवला. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर लागत नव्हतं. मला वाटलं त्या आता भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“कागदात नाही म्हणता, तर माझंच चुकलं असेल,” त्या म्हणाल्या. “वय झालं.”

त्या गेल्यावर सरांनी मला दोन कामं सांगितली. दोनशे बाराचं नाव यादीतून काढायचं, आणि काकूंना यापुढे बाहेर पाठवणार नाही असं आदराने कळवणारं पत्र तयार करायचं. “आदराने,” असं ते दोनदा म्हणाले. ज्या बाईला चार भिंतींत तासभर बसवत नाही तिला घरी बसवायचं पत्र कितीही आदराने लिहिलं तरी काय उपयोग! मला सरांचा राग आला, काकूंच्या मोतीबिंदूचा आला, त्या मख्ख झाडाचाही आला.

यादीतून नाव काढताना मूळ कागदही बाजूला काढायचा असतो. मी कपाट उघडलं, दोनशे बाराची फाइल काढली. काकूंचं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर. खाली शेरा: ‘खोड एका बाजूने भुंगेऱ्यांनी पोखरलेले. भोकांभोवती लाल डिंक, फार कडू. त्या डिंकाजवळ नवीन भोके नाहीत. साल तिथलीच घेतली. चांगल्या बाजूच्या सालीला ना वास, ना चव.’

आणि त्यावर, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, पट्टी लावून मारलेली लाल रेघ.

रेघ माझी होती. पट्टी लावून रेघ मारणारं त्या इमारतीत दुसरं कोणी नाही.

झाड स्वतःला वाचवायला जखमेपाशी काहीतरी तयार करत होतं. त्याचं औषध त्याच्या दुखण्याच्या जागी होतं. आणि मी तीनदा माणसं पाठवली ती त्याच्या धडधाकट बाजूला. काकूंनी सगळं पाहिलं होतं, हुंगलं होतं, मनाई मोडून चाखलंही होतं, आणि मी ते बकऱ्यांच्या रांगेत बसवून खोडलं होतं.

कागद फाइलमध्ये परत ठेवायचा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला. नोकरीत बावीस वर्षं कोणी माझी चूक काढली नव्हती. पण ‘माझंच चुकलं असेल’ हे वाक्य काही केल्या कानातून जाईना. मी कागद उचलला आणि सरांच्या खोलीत गेले. पेशीवाली तिथेच होती.

“पिशवी बदलली नाही,” मी म्हणाले. “शेरा मी खोडला.”

सरांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. ते मला काहीतरी लागेल असं बोलतील म्हणून मी तयारीत होते.

“गाडी सांगा,” ते एवढंच म्हणाले. “आणि काकूंना फोन मी करतो.”

झाडापाशी काकूंबरोबर मी गेले. काठी माझ्या हातात देऊन त्यांनी दोन्ही तळवे खोडावर टेकले आणि चाचपत चाचपत झाडाला फेरी घातली. त्यांना दिसत किती होतं देव जाणे. एका जागी बोटं थांबली. तिथे साल खडबडीत होती, भोकं होती, लाल थेंब वाळून घट्ट झाले होते. काकूंनी नखाने एक कण काढला आणि माझ्याकडे बघत जिभेला लावला.

“हीच,” त्यांनी तोंड वाकडं केलं. “काय कडू आहे सटवी!”

मला रडू आलं. त्यांची माफी मागायची म्हणून मी रस्ताभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही धड बाहेर पडलं नाही. “काकू, मी तुमचं सगळं...” एवढंच म्हणाले.

“आधी साल काढ,” काकू म्हणाल्या. “ऊन चढेल. आणि थोडीच काढ, त्याला अजून जगायचंय.”

तीन आठवड्यांनी पेशीवाली बाहेर आली. या वेळी ती धावली नाही, ओरडली नाही. दारात उभी राहून तिने नुसती होकाराची मान हलवली. एका बशीतल्या मेल्या होत्या, शेजारच्या बशीतल्या जिवंत होत्या. मोठ्या सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिले. काकूंना घरी बसवायचं पत्र मी त्याच दिवशी फाडलं, तेही वेडंवाकडं.

नमुना आता मोठ्या संस्थेकडे पुढच्या तपासणीला जाणार होता. त्याची नवीन नोंद काकूंनी तोंडी सांगितली आणि मी हाताने कागदावर लिहिली. भुंगेरे, डिंक, कडू चव, उन्हाची वेळ, जवळच्या झाडावर बसलेला पक्षीसुद्धा. शेऱ्याची जागा भरली तेव्हा खाली दुसरा कागद चिकटवला. शेवटी माझ्या मनाने एक ओळ घातली. काकूंना अक्षर दिसत नव्हतं म्हणून सगळं वाचून दाखवायला पेशीवाली बसली. वाचता वाचता ती शेवटच्या ओळीला आली: “पूर्वीच्या नोंदीतला शेरा नोंदणी करणारीने अडाणीपणाने खोडला होता. गोळा करणाऱ्या बाईंची काहीही चूक नव्हती.”

काकूंनी मान वर केली.

“हे शेवटचं खोड गं,” त्या म्हणाल्या. “हे काही कामाचं नाही.”

लाल पेन्सिल समोरच पडली होती, पेनांच्या शेजारी, आडवी.

“राहू दे, काकू,” मी म्हणाले. “काय कामाचं आणि काय नाही, ते मी ठरवायचं सोडलंय.”