सातवा थर

"काका, तुम्ही तुमचं स्वतःचं नाटक शेवटचं कधी केलंत?"

प्रश्न माझा नव्हता. माझ्या मैत्रिणी मधुवंती आणि मानसी, त्यांनी पैज लावली होती: विचारून दाखव, दोन प्लेट फुचका, म्हणजे इथली पाणीपुरी. मी कशाला घाबरते! आठवीपर्यंत वर्गात तोंड न उघडणारी सई आता संपली होती. दहावीतली सई कुणालाही काहीही विचारते.

भालचंद्रकाकांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "निळा ब्रश धुतलास का?" एवढंच म्हणाले.

काका इथेच, कोलकात्यातल्या बागबाजारात जन्मले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. तळमजल्यावरच्या एका खोलीत त्यांचं बाहुलीघर आहे. काठीवरच्या बाहुल्या, लाकडी डोकी, आणि दर शनिवारी जमणारी आम्ही नऊ मुलं. बाकीची आठ बंगाली आहेत, ती त्यांना दादू, म्हणजे आजोबा म्हणतात. मी काका म्हणते, कारण बाबांची बँकेतून इथे बदली झाली तेव्हा आईनं शोधून काढलेला हा पहिला मराठी माणूस.

त्या दिवशी ते राक्षसाचं डोकं रंगवायला काढत होते. एकच राक्षस आहे आमच्याकडे. मी आले तेव्हा तो हिरवा होता, विषाणू. मग मुलींना शाळेत जाऊ न देणारा जांभळा सावकार झाला. मग ऑनलाइन फसवणारा काळा चोर. अनुदानाचा विषय बदलला की त्याचा रंग बदलतो. नव्या बाहुल्यांसाठी पैसे मिळत नाहीत, रंगासाठी मिळतात.

"या वर्षी काय?" मी विचारलं.

"वारसा," काका म्हणाले, आजची भाजी सांगावी तसं. "स्थलांतरित समाजांचा वारसा. मराठ्यांना बाहेर ठेवायला इथूनच खंदक खणला होता इंग्रजांच्या काळात. त्यावर करू. राक्षसाचा घोडेस्वार करायचा."

"म्हणजे राक्षस आपणच?"

"अर्जात बसतंय ना? झालं तर मग."

अनुदान देणाऱ्या मुंबईच्या संस्थेला अर्ज लिहिताना मी त्यांच्या शेजारी बसले होते, टायपिंगला. पूर्वी एकदा अर्ज केला की तीन वर्षं निश्चिंती, असं ते सांगत होते. खोलीचं भाडं, ढोलवाल्याचं मानधन, सगळं त्यात. 'नवीन काय करताय?' एवढंच विचारायचे. आता एका वर्षाचं, तेही फक्त प्रयोगांपुरतं. किती मुलांपर्यंत पोहोचलात? त्यांच्यात काय बदल झाला? कशानं मोजलात?

"कशानं मोजता?"

"एकदा लिहिलं होतं, टाळ्यांनी. अर्ज परत आला."

मग ते पान आलं: एका मुलाची कहाणी. काकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "स्थलांतरित तूच आहेस आमच्यात. सई, कोलकात्यात आल्यावर मातृभाषा विसरली, बाहुल्यांमुळे तिला ती परत मिळाली. चालेल?"

मी हसत सुटले. "काका, आई मारेल मला!"

"मोडकी बोलतेसच की. थोडी आणखी मोड."

जानेवारीत संस्थेच्या मीनाक्षी मॅडम मुंबईहून पाहणीला आल्या. सोबत चित्रीकरण करणारा माणूस. आणि मी काय बोलले! शब्दाशब्दाला अडखळले. 'आजी' हा शब्द आठवत नाही असं दाखवून ओठ चावला, मग तो सापडल्यावर डोळ्यांत पाणी आणलं. मॅडमनी रुमाल काढला. मला इतका आनंद झाला, की मी काकांकडे बघितलं, शाबासकी मिळेल म्हणून. ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

जाताना मॅडम मातीच्या भांड्यातला चहा पीत दारात उभ्या राहिल्या. "तुमचं नावाड्याचं नाटक मला आठवतं, सर. तेव्हा आम्ही नाटकाला पैसे द्यायचो."

"मग आता का नाही?" मी विचारलंच.

"आता विषय वरून ठरून येतो गं. मी तक्ते भरते." त्यांनी भांडं ठेवायला जागा शोधली, सापडली नाही, तेव्हा ते तसंच हातात घेऊन गाडीत बसल्या.

मार्चमध्ये अनुदान मंजूर झालं. बारा प्रयोग, तीनशे मुलं. पाठोपाठ माझं चित्रीकरण सगळ्यांच्या फोनवर आलं. आईनं ते गॅसजवळ उभी राहून पाहिलं.

"कोणती मराठी हरवली होती गं तुझी?" ती म्हणाली. "रोज रात्री मी तुला पुस्तक वाचून दाखवत होते, ती कोणती भाषा होती?"

"अगं, ते अर्जासाठी..."

"आजीनं पाहिलंय. तिनं विचारलं, सई मला खरंच विसरली होती का?"

बाबा मात्र खूश, कारण सोबत आमंत्रण होतं: मे महिन्यात मुंबईला संस्थेचा सोहळा, सईनं रंगमंचावर हीच कहाणी सांगायची. विमानाचं तिकीट ते देणार. "तिथून पुण्याला आजीकडे जाऊ," बाबा म्हणाले. आई पोळ्या लाटत राहिली.

काल शनिवार होता. काका घोडेस्वाराच्या मिशा काढत होते. मनगटाला पट्टा बांधलेला. त्यांनी डोकं काठीवर चढवून उचललं, मनगटाला ते पेललं नाही, आणि ते फरशीवर आपटलं. लाकडाला काही झालं नाही, पण गालावरून रंगाचा बिस्किटाएवढा जाड तुकडा निघाला. कडेला सगळे थर दिसत होते. लाल, काळा, जांभळा, हिरवा, करडा, निळा. आणि खाली, अगदी तळाशी, तपकिरी त्वचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक सुरकुत्या. राक्षसाला कोण सुरकुत्या काढतं?

"हा कोण?"

"हुगळीकाठच्या बजबजचा नावाडी." काका खाली बसले, फरशीवरच. "ज्यूटच्या गिरणीतल्या कामगारांना नदीपार नेणारा. गिरणी बंद पडते, तरी हा रोज भोंग्याच्या वेळेला होडी लावून थांबतो. एवढीच गोष्ट."

मी तो तुकडा हातात घेतला. चांगला जड होता.

"सहा वर्षं झाली," ते म्हणाले. "तू विचारलं होतंस ना. एकोणीस मुलं होती. तिघं झोपली."

"म्हणजे पडलं?"

"नाही गं. फार छान झालं."

"मग परत करूया ना, काका!"

"या डोक्याचं वजन बघ. हात उचलत नाही आता. आणि खरवडणार कोण, मे महिन्यात?" त्यांनी ब्रश पाण्यात टाकला. "तू मुंबईला जा. छान बोलतेस. पुढच्या वर्षीचं सगळं त्यावर आहे."

'जाऊ नकोस' असं त्यांना म्हणता येत नव्हतं. मला ते ऐकू येत होतं.

मैत्रिणींना उत्तर कळवलं, तर म्हणे चार महिने उशीर झाला, पैज रद्द. चोर आहेत दोघी.

आज जेवताना बाबांनी विमानाची वेळ वाचून दाखवायला घेतली. मी ताटावरून हात बाजूला केला.

"बाबा, मी मुंबईला येणार नाही."

"अगं, पण काकांचं अनुदान..."

"बारा प्रयोग कबूल केलेत, ते आम्ही करू. घोडेस्वाराचं डोकं मी कागदाच्या लगद्याचं करीन, हलकं. पण ती कहाणी मी परत सांगणार नाही. मीनाक्षी मॅडमना मीच लिहिणार, ती खोटी होती म्हणून. त्यावरून पुढच्या वर्षी नाही म्हणाल्या, तर म्हणू देत." मी आईकडे वळले. "आणि आई, मराठी मला तूच शिकवलीस, हे आजीला आत्ता फोन करून सांगते. मग मेचा पूर्ण महिना मी बागबाजारला जाणार आहे. नावाड्यावर अजून सहा थर आहेत, आणि काल तासाभरात माझ्याकडून त्याचा फक्त एक कान खरवडून झाला."