कोटावरून माप

"हात वर कर," ग्वेन म्हणाली आणि गुडघे टेकून तिने लारिसाच्या छातीभोवती सुतळी फिरवली. मापाची टेप घरात कुठे सापडत नव्हती. सुतळी जिथे जुळली तिथे तिने गाठ मारली आणि कमरेचं माप घ्यायला खाली सरकली.

लारिसा पातळ टी-शर्टवर स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती. दहा वर्षांची पोर, पण उभी अशी, की जणू इंजेक्शन द्यायला आणलंय. नजर फ्रिजच्या दारावर.

"घट्ट होतंय का?"

"नाही."

"कोल्हाच हवा ना नक्की?"

"काहीही चालेल."

पाच वर्षांच्या मार्नीचं माप आधीच घेऊन झालं होतं. तिला बेडूक व्हायचं होतं आणि ती सकाळपासून बेडकासारख्याच उड्या मारत होती. तिच्यापाशी काही अडचण नव्हती. अडचण होती ती थोरलीपाशी.

ग्वेन वसंतात मुलींच्या वडिलांशी, डार्सीशी, लग्न करून कॅनडाच्या पार पश्चिम किनाऱ्यावरून सस्कॅचवान प्रांतातल्या या गावात आली होती. मुलींची आई, रोक्सान, कॅल्गरीला नोकरी करायची आणि रोज संध्याकाळी फोन करायची. पण गावात हॅलोवीन म्हटलं, पोरांनी सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायची ती संध्याकाळ, की अजून तिचंच नाव निघे. एका वर्षी तिने डार्सीचे जुने मोजे जोडून दोघी मुलींचा मिळून आठ पायांचा एक कोळी केला होता म्हणे. किराणा दुकानात पैसे घेणाऱ्या मुलीनेसुद्धा ग्वेनला हे आवर्जून सांगितलं होतं. पोस्टातल्या बाईने तर दोनदा.

"विकत आणू ना," डार्सी म्हणाला. "कशाला जीव काढतेस?"

"विकतचं नाही."

"अगं, कुणी काही म्हणणार नाही."

"म्हणतील. आणि नाही म्हणाले तरी मला कळेलच."

काय कळेल ते तिने सांगितलं नाही. पण तिच्या मनात ते अगदी स्पष्ट होतं. त्या संध्याकाळी अख्खं गाव एकमेकांच्या दारात जातं. मुली जर दुकानातल्या प्लॅस्टिकच्या झग्यात बाहेर पडल्या, तर या घरात पोरींसाठी काही करणारं माणूस आता उरलं नाही, असाच त्याचा अर्थ. आणि मग ती या घरात पाहुणीच राहणार. पाहुणी म्हणून राहायचं नव्हतं तिला. एवढं सोपं होतं ते.

दोन आठवडे ती रोज जेवणानंतर टेबल पुसून शिवायला बसायची. कोल्ह्यासाठी तिने स्वतःबरोबर आणलेलं लाल फ्लॅनेलचं जुनं ब्लँकेट कापलं, बेडकासाठी हिरवा पडदा. कोल्ह्याच्या शेपटीत मोजे कोंबले. पोटावर तपकिरी बटणं लावली. अंगासरशी बसणारा, नीट शिवलेला सूट झाला. बेडूक मार्नीने घातला तो काढायलाच तयार होईना. लारिसाने कोल्हा एकदा घालून पाहिला, आरशापुढे थोडी जास्तच वेळ उभी राहिली, आणि "बरा आहे" म्हणून खुर्चीच्या पाठीवर टाकून गेली. ग्वेनला तेवढंही खूप वाटलं.

हॅलोवीनच्या आदल्या दिवशी दुपारपासून बर्फ पडायला लागला.

शेजारची बर्निस मागच्या दाराने आली. सत्तरीची बाई, दार वाजवायची सवय नाही, हातात नेहमी काहीतरी झाकलेलं भांडं. मार्नी बेडूक होऊन जमिनीवर बसली होती.

"काय गोड दिसतंय गं हे ध्यान!" बर्निसने तिचा गालगुच्चा घेतला. मग ग्वेनकडे वळली. "आणि स्नोसूट कुठे घालणार?"

"कसला स्नोसूट?"

"अगं बाई! उद्या संध्याकाळी उणे चौदा सांगितलंय. पोरी काय अशाच फिरणार? इथे सगळं स्नोसूटवर बसेल असंच शिवतात. माझ्या आईपासून तसंच. तुला कुणी बोललं नाही?"

कुणीच बोललं नव्हतं. ग्वेनच्या गावात ऑक्टोबरमध्ये पाऊस पडायचा आणि पोरं छत्री घेऊन फिरायची. तिने धावत जाऊन मार्नीचा स्नोसूट, बर्फात घालायचा तो जाडजूड अंगभर पोशाख, आणला, बेडूक उतरवून मार्नीला त्यात कोंबलं, आणि वरून बेडूक चढवायला घेतला. तो गुडघ्यापर्यंत गेला. तिने आणखी ओढला तशी शिवण टर्रकन उसवली आणि मार्नीने भोकाड पसरलं.

"मी आतून घालते! आतून घालते ना!"

"आतून घालून कोण बघणार, सोन्या?" बर्निस म्हणाली. "दर दारात चेन उघडून दाखवत बसावं लागतं. माझं सगळं लहानपण त्यात गेलं. एका वर्षी परी झाले, एका वर्षी राणी झाले, लोकांना दिसला तो निळा कोट."

लारिसा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. ग्वेनने तिच्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

लारिसा नखं बघत राहिली. "तू विचारलं नाहीस."

आणि थोड्या वेळाने, हळूच पण ऐकू जाईल असं, "आईला विचारावं लागायचं नाही."

बर्निसने भांडं ओट्यावर ठेवलं आणि आल्या दाराने निघून गेली. ग्वेन सामानाच्या कोठीत गेली, दार लोटून घेतलं, आणि टोमॅटोच्या डब्यांसमोर उभं राहून रडली. अपमान झाला होता आणि राग आला होता. दहा वर्षांच्या पोरीने दोन आठवडे समोर बसून तमाशा पाहिला! हात वर कर म्हटलं तर हात वर केले, वळ म्हटलं तर वळली, आणि एक अक्षर बोलली नाही. पण रडता रडता तिला हेही आठवलं की ते खरं होतं. तिने खरंच विचारलं नव्हतं. कोल्हा की ससा एवढंच विचारलं होतं. तिने हातातल्या बेडकाच्या पायाला नाक पुसलं आणि बाहेर आली.

डार्सी धान्याच्या कोठारावरच्या कामाहून आला, बूट झटकता झटकताच त्याने घराची हवा ओळखली.

"सकाळी लवकर निघून यॉर्कटनच्या दुकानांत जाऊन येतो. मिळेल ते घेऊन येतो."

"नाही."

"रस्त्याची काळजी करू नकोस, मी..."

"रस्त्याचं नाही रे. मी करणार म्हटलंय, तर मी करणार."

डार्सीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि टोपी खुंटीला लावली.

शनिवारी, हॅलोवीनच्या दिवशी सकाळी, किराणा दुकान उघडायच्या आत ती मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि मोठे खोके मागून आणले. मग दोन्ही मुलींचे स्नोसूट घेतले, त्यांत घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या उशा भरल्या, चेनी लावल्या आणि ते स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांवर बसवले. आता माप द्यायला कुणी उभं राहायची गरज नव्हती. गाठी मारलेली सुतळी तिने सोडवली आणि पुन्हा पहिल्यापासून मापं घेतली. आगगाडी करायची होती. गावाच्या टोकावरून रोज जाते तशी, धान्याची मालगाडी. डार्सी इंजिन, मागे दोन डबे.

खोक्यांचे तळ कापून झाले, कागदी बशांना काळा रंग देऊन चाकं झाली. इंजिनाच्या पुढे डार्सीची बॅटरी चंदेरी चिकटपट्टीने बसवली. मार्नीने बेडकाचं दुःख दहा मिनिटांत बाजूला टाकलं आणि चाकं रंगवता रंगवता स्वतःचं नाकही रंगवून घेतलं.

लारिसा पाणी प्यायला आली आणि दारातच थांबली. खुर्चीवर तिचा जांभळा स्नोसूट ढेरी सोडून बसला होता.

"मी एवढी जाडी नाहीये."

"मोठ्या उशा होत्या," ग्वेन म्हणाली. तिने मान वर केली नाही.

लारिसा पाणी पीत उभी राहिली. पेला रिकामा झाला तरी गेली नाही.

"धान्याचे डबे असे चौकोनी नसतात. खालून तिरके असतात. धान्य खाली पडायला."

ग्वेनने तिच्यापुढे खडू सरकवला. लारिसाने तो जरा वेळ तसाच राहू दिला. मग उचलला आणि खोक्यावर दोन तिरक्या रेघा मारल्या.

"आणि दोऱ्या अशा सरळ नाही घ्यायच्या. पाठीवर फुली करायची. नाहीतर खोका घसरतो. आई तसं करायची."

हे ग्वेनला टोचलं. टोचलंच. पण तिने बांधलेल्या दोऱ्या सोडल्या आणि पाठीवर फुली करून पुन्हा बांधल्या. खांद्यावर घालून पाहिलं, आणि खोका खरोखरच जागचा हलला नाही.

"बरोबर आहे तुझ्या आईचं," ती म्हणाली.

लारिसाने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"आणि ग्वेन कोण?" मार्नीने विचारलं. "गावच्या बागेत ठेवलेल्या जुन्या आगगाडीला मागे लाल डबा आहे. गार्डाचा. ग्वेन तो होईल."

"आता गाड्यांना गार्डाचा डबा नसतो," लारिसा म्हणाली. "हो ना बाबा?"

"कधीच काढून टाकले," डार्सी इंजिनाच्या आतून म्हणाला. "आता शेवटच्या डब्याला नुसता एक दिवा लावतात."

"मी घरीच थांबणार आहे," ग्वेन म्हणाली. "दारात येणाऱ्या पोरांना खाऊ कोण देईल मग?"

तिने ते आधीच ठरवलं होतं. तरी गाडीत आपल्याला डबा नाही हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला कसंसंच झालं. ती चाकं वाळत घालायला उठली.

दुपारी जेवणाची ताटं आवरताना तिच्या लक्षात आलं, खुर्चीच्या पाठीवर कोल्हा नव्हता. लारिसाही नव्हती. वरच्या खोलीतून कात्रीचा आवाज येत होता, जाड कापड कापताना येतो तसा. ग्वेन जिन्यापाशी गेली. तिसऱ्या पायरीवर शेपूट पडलेली होती, मोज्यांनी भरलेली, मुळापासून कापलेली.

ती शेपूट हातात घेऊन उभी राहिली. वर जावं आणि विचारावं, बाई गं, एवढा राग कशाचा? मी काय घेतलं तुझं? पाय पायरीवर ठेवलाही तिने. मग मागे घेतला. तिच्यासाठी शिवला होता, तिचा आहे. तिला कापायचा तर कापू दे. ती स्वयंपाकघरात परत आली, शेपूट चमच्यांच्या खणात घातली आणि डब्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे काढायला बसली. पहिला आकडा वाकडा आला. तो पुसून तिने पुन्हा काढला.

साडेपाचला अंधारायला लागलं. समोरच्या घरापुढे पहिली पोरं ओरडलीसुद्धा. डार्सीने इंजिन चढवलं आणि बॅटरी लावली. मार्नी स्नोसूटवर डबा घालून दारातल्या दारात शिट्ट्या मारत होती. डबा अगदी नेमका बसला होता. तिच्या डब्याला बांधलेला दोर लारिसाच्या रिकाम्या डब्यापर्यंत आला होता, आणि त्या डब्याच्या मागेही दोराचं एक टोक लोंबत होतं. कापायचं राहून गेलं असेल, असं ग्वेनला वाटलं. तिने चॉकलेटांचा वाडगा भरला आणि स्टूल दारापाशी ओढलं.

तेवढ्यात बर्निस मागच्या दाराने आली. कोट, टोपी, दोन मफलर, आणि काखेत स्वतःच्या घरचा खाऊचा वाडगा.

"ऊठ, ते स्टूल माझं," ती म्हणाली. "दोन्ही घरांचा खाऊ आज इथूनच. तसा हुकूम आहे मला."

"कुणाचा?"

"मला काय विचारतेस? दुपारी फोन आला. माझ्या दारातल्या पायऱ्यांवर बर्फ साचलाय, मी पडेन, असं ऐकवलं मला. माझ्याच पायऱ्या, आणि मलाच!"

जिन्यावरून धडधड आवाज झाला. लारिसा स्नोसूट घालून एक मोठा खोका पुढे धरून उतरत होती, त्यामुळे तिचं नुसतं कपाळ दिसत होतं. खोक्याला चारी बाजूंनी लाल फ्लॅनेल चिकटवलेलं होतं. एका बाजूला शिवण तशीच होती, ग्वेनच्या बारीक टाक्यांची, आणि तपकिरी बटणं ओळीने खिडक्यांखाली आली होती. मागच्या बाजूला चंदेरी पट्टीने एक दिवा लावला होता.

"अगं, पण आता गाड्यांना..." डार्सी म्हणाला.

"आपल्या गाडीला आहे," लारिसा म्हणाली.

तिने खोका ग्वेनपुढे ठेवला. गालाला डिंक लागला होता. स्नोसूटच्या खिशातून तिने सुतळी काढली.

"दोऱ्या अजून बांधायच्या आहेत. तुझं माप नव्हतं. हात वर कर."

ग्वेनने स्वेटरच्या बाह्या सरसावल्या आणि हात वर केले.

लारिसाने सुतळी पुढे केली आणि थांबली. दहा वर्षांच्या पोरीने कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"असं नाही गं," ती म्हणाली. "आधी कोट घाल."

ग्वेनने खुंटीवरचा कोट काढून घातला, चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि पुन्हा हात वर केले.