तिसऱ्या ओळीत गेलेली सासू

आपण वारलो ही बातमी मुकादमबाईंना सगळ्यात शेवटी कळली. ती घेऊन आली 'रेडिओ'. रेडिओ म्हणजे शेजारी राहणारी, सुनेबरोबर लाँड्रीत काम करणारी इस्त्रीवाली. तिच्या कानात शिरलेली गोष्ट तोंडातून बाहेर पडेपर्यंत मधे कुठे मुक्काम करत नसे.

"मावशी, फार वाईट वाटलं हो," दारात चप्पल काढतानाच ती म्हणाली.

"कशाचं?"

"तुम्ही गेलात त्याचं."

मुकादमबाई लसूण सोलत बसल्या होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "कधी गेले?"

"काल संध्याकाळी. सुनेच्या गोष्टीत. तिसऱ्याच ओळीत!"

"कशाने?"

"ते काही दिलेलं नाही. नुसतं 'सासू वारली', आणि पुढे चालू."

हे मात्र लागलं. मरण एक वेळ समजून घेता आलं असतं. पण ना ताप, ना खोकला, ना डॉक्टरची धावपळ. एवढ्या मोठ्या बाईला दोन शब्दांत उरकायचं?

मोठी म्हणजे खरंच मोठी. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मुकादमबाईंनी उभी हयात काढली होती. त्यांच्या नजरेखालून डाग असलेली चादर वॉर्डात गेली नाही आणि डाग नसलेला माणूस त्यांना कधी भेटला नाही. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा त्या घरी बसल्या आणि मशीनपाशी सून उभी राहिली. त्याच लाँड्रीत, चादरींच्या घड्या घालायच्या खोलीत, हल्ली शिफ्ट सुटल्यावर लिहिण्याचा वर्ग भरत होता. समोरच्या वाचनालयातली एक बाई यायची, तिला सगळे 'पुस्तकवाली' म्हणत. धुणारे, झाडणारे, ट्रॉली ढकलणारे, ज्यांना शाळेने अर्ध्या वाटेत उतरवून दिलं होतं अशांना गोळा करून ती सांगायची, "तुमच्याजवळ गोष्टी आहेत. लिहा." गोष्टी काय सगळ्यांजवळच असतात, त्यांचा बाजार कशाला मांडायचा, असं मुकादमबाईंचं मत. पण वर्गाच्या दिवशी सून घरी आली की भांडी कमी आपटायची. हा नफा त्यांनी केव्हाच जमेला धरला होता आणि तोंडाला कुलूप लावलं होतं.

"आणि शनिवारी वाचन आहे," रेडिओने जाता जाता शेवटचा खिळा ठोकला. "सगळ्या लाँड्रीसमोर. नर्साही येणार म्हणे."

म्हणजे ज्यांना आयुष्यभर धाकात ठेवलं, त्यांच्यापुढे आपण तिसऱ्या ओळीत गचकणार. हसतील मेले. पण खरी टोचणी वेगळीच होती, आणि ती रेडिओला सांगण्यासारखी नव्हती. मुकादमबाईंनी म्हातारी माणसं पाहिली होती. माणूस घरातून जायच्या आधी घरच्यांच्या मनातून जातं. आधी त्याला विचारणं थांबतं, मग त्याचं अंथरूण दाराकडे सरकतं. आपलं अंथरूण अजून खिडकीशी होतं. पण सुनेच्या मनात ते कुठवर आलं असेल?

मुलाने तडजोडीचा प्रयत्न केला. "आई, गोष्ट आहे गं ती नुसती."

"गोष्टीत तू आहेस?"

"असेन."

"जिवंत?"

"बहुतेक."

"मांजर?"

"मांजर आहे वाटतं."

"नवरा जिवंत, मांजर जिवंत. बरोबर मीच सापडले!"

मुलाला तेवढ्यात नळाचा वायसर बदलायची आठवण झाली. घरात दोन बायकांचं वाजलं की त्या घरातले सगळे नळ गळू लागत.

सुनेला त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. फक्त 'अगं'ची 'सूनबाई' केली. सून समजायचं ते समजली आणि भांडी पूर्वीच्या दराने वाजू लागली.

पुढच्या वर्गाला मुकादमबाई काठी टेकत स्वतःच लाँड्रीत हजर झाल्या. खोली तीच होती: लांबलचक टेबलं, ड्रायरची ऊब, साबणाचा वास. पुस्तकवालीने तोंडभर हसून विचारलं, "या ना! नवीन आहात? काय लिहायला आवडेल?"

"मला सही सोडून काही लिहिता येत नाही," मुकादमबाई म्हणाल्या. "मी हिच्या गोष्टीतली वारलेली सासू. जिवंत आहे एवढंच सांगायला आले."

ट्रॉलीवाल्याला ठसका लागला. सून मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत राहिली, ती संपत आली तरी.

"आपल्याकडे एक नियम आहे," पुस्तकवाली जपून म्हणाली. "कागदावरची बाई वेगळी आणि लिहिणारी वेगळी."

"असेल. पण कागदावरच्या बाईला सासू एकच, आणि लिहिणारीलाही एकच."

पुस्तकवालीने विषय टेबलाकडे वळवला. टेबलावर त्या दिवशीच्या चादरींचा ढीग तसाच होता आणि तो उठल्याशिवाय वर्ग बसत नसे. सगळे जोडीजोडीने घड्यांना लागले. सुनेची जोडीदार रेडिओ. तिला नेमकं तेव्हाच तहान लागली, आणि माठ असा निवडला की जिथून सगळं ऐकू येईल. सून एक टोक धरून उभी राहिली. मुकादमबाईंनी काठी टेबलाला टेकवली आणि सवयीने दुसरं टोक उचललं.

चादर झटकली. दोघी चादरीच्या दोन टोकांना.

"विचारते एवढंच," मुकादमबाई तिकडून म्हणाल्या, "घाई कसली होती?"

दोघी चालत जवळ आल्या. टोकांना टोकं मिळाली. सून हळू आवाजात म्हणाली, "तिला बाहेर पडायचं होतं, आई."

"कुणाला?"

"गोष्टीतल्या बाईला. लाँड्रीची गाडी घेऊन. समुद्र बघायला."

दोघी पुन्हा मागे सरकल्या. "तुला येते गाडी?" मुकादमबाईंनी मोठ्याने विचारलं.

"मला कशाला यायला हवी? तिला येते."

पुन्हा जवळ. "मग जायचं होतं की. माझा जीव कशाला घेतला?"

"जाऊच देईनात तुम्ही!" सुनेचा बांध फुटला. "तीनदा लिहून पाहिलं. ती पिशवी भरते, चप्पल घालते, की तुम्ही दारात. 'कुठे निघालीस? कुणाबरोबर? येणार कधी?' बोलता बोलता पान संपतं, ती आपली घरातच. पुस्तकवाली म्हणाल्या, गोष्ट पुढे सरकायला हवी. मग काय करू? तुम्ही जिवंत असताना त्या दारातून कुणी बाहेर पडलंय का?"

घड्या घालणारे हात थांबले. माठाशी रेडिओचा पेला ओठांवरच राहिला.

मुकादमबाईंनी हातातली चादर छातीशी धरली. त्यांचे खांदे हलायला लागले. सून घाबरून पुढे झाली, तर म्हातारी हसत होती. अशी हसत होती की डोळ्यांतून पाणी.

"खरं आहे गं," त्या म्हणाल्या. "तुझा सासराही विचारूनच जायचा. पण म्हणून मारायचं? दुसरा काही उपाय?"

मग सगळ्या वर्गालाच उपाय सुचू लागले.

"आजारी पाडा त्यांना," ट्रॉलीवाला म्हणाला.

"आणि सेवा कोण करणार, तू? मग तर ती बाई अजिबातच निघत नाही."

"परगावी पाठवा," रेडिओ आता उघडच आत आली होती.

"कुणाकडे? माझं आहे कोण तिकडे?"

हे त्या सहज बोलून गेल्या. सुनेने त्यांच्या हातातली चादर घेतली, उगाच पुन्हा एक घडी घातली.

"घे कागद," मुकादमबाई स्टुलावर बसत म्हणाल्या. "सासू दारातच उभी राहू दे. तिची जागाच ती. पण या वेळी काय बोलते ते मी सांगते."

शनिवारी घड्यांच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. मुकादमबाई पहिल्या रांगेत, हातात काठी राजदंडासारखी. सून वाचायला उभी राहिली. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीला रेडिओने डोळे मिटून घेतले.

"बाईने चप्पल घातली," सून वाचत होती. "सासू दारात उभी होती. म्हणाली, 'जातेस तर जा. पण डिझेल बघून जा. अर्ध्या वाटेत गाडी बंद पडली तर लोक म्हणतील, सासूने शाप दिला.'"

खोलीत हशा फुटला. नर्सा, बॉयलरवाले, जुन्या धुणाऱ्या, सगळे माना उंचावून मुकादमबाईंकडे बघत टाळ्या पिटू लागले. मुकादमबाईंनी चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही. पण काठी जमिनीवर ताल धरत होती. पुढे गोष्टीतल्या बाईने समुद्र पाहिला, गाडीतल्या चादरी किनाऱ्यावर वाळत घातल्या, आणि सुनेचा आवाज शेवटपर्यंत एकदाही अडखळला नाही.

घरी परतताना मुकादमबाईंच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

"अगं," त्या अखेर म्हणाल्या. 'अगं' परत आल्याचं सुनेच्या तेव्हाच ध्यानात आलं. "त्या डिझेलनंतर मी कुठे गेले?"

"घरीच आहात की."

"घरी काय करते?"

"काही नाही. आहात."

"म्हणजे जिवंत राहून एवढी एकच ओळ?" मुकादमबाई थांबल्या. "आणि मेले होते तेव्हा? ती बाई रडलीबिडली होती का?"

"अर्धं पान. वर्गात वाचलं नव्हतं."

"अर्धं पान! ते फाडून टाकलंस?"

"नाही. आहे पिशवीत."

"वाच."

"इथे? रस्त्यात?"

"मग काय, दारात उभी करतेस का मला?"

दुकानाच्या पायरीवर दोघी टेकल्या. सूर्य अजून छपरांवर होता. सुनेने चुरगळलेला कागद मांडीवर सपाट केला आणि वाचला: सासू गेल्यावर घरात सगळं जागच्या जागी होतं. बाईने दोरीवरची चादर काढली, एक टोक हातात धरलं आणि दुसरं टोक कुणी धरेल म्हणून उगाच उभी राहिली. मग चादर तशीच अंगाभोवती गुंडाळून जमिनीवर बसली आणि रडली.

मुकादमबाई समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. खिडकीशी असलेलं आपलं अंथरूण त्यांच्या मनात एकदाचं स्वस्थ पसरलं. नाक ओढून त्या म्हणाल्या, "बरं आहे. पण घाईत आटोपलंय."

"मग?"

"लसूण घाल. सोललेला लसूण तसाच ताटलीत राहिला होता, असं घाल. तिथे लोक हटकून रडतील." काठी टेकून त्या उठल्या. "आणि पुढच्या खेपेला मला मारशील तेव्हा आधी विचार. चांगलं मरण सुचवीन."