टाकीची ओटी

मुकुल साहेबांनी नळ फिरवला आणि ढोकमाळचं सगळं गाव श्वास रोखून बघत राहिलं. आधी नळ नुसताच खाकरला. मग पिवळट धार आली. ती करंगळीएवढी झाली, धाग्याएवढी झाली आणि थांबली. वाजंत्रीवाल्यानं तोंडाला लावलेली पिपाणी खाली घेतली.

मांडवाच्या खांबाला टेकून बसलेली रंगूबाई पुढं सरकली. पिवळी धार सगळ्यांनीच बघितली होती, पण ती कशाची हे आधी कळलं ते तिला आणि साहेबांशेजारी सत्काराचं ताट धरून उभ्या असलेल्या सरपंच संयोगिताला. दोघींची नजरानजर झाली आणि संयोगितानं हळूच मान हलवली. गप बस.

टाकी बांधून दिली होती सांगलीकडच्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीनं. नफ्यातला वाटा बाजूला काढून ती कंपनी गावोगाव पिण्याच्या पाण्याची आणि संडासांची कामं करायची. म्हसवडच्या अलीकडच्या या उघड्या माळावर तिनं ढोकमाळच्या खालच्या गावाला गाळणयंत्र दिलं, सिमेंटची टाकी दिली, शाळेतल्या पोरींसाठी संडास बांधले. आता राहिला होता वरच्या वस्तीचा पाइप. त्याचे पैसे इथं घालायचे की शेजारच्या गावातल्या कामाला द्यायचे, हे आजच ठरायचं होतं. कंपनीच्या मुकुल साहेबांनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं होतं, "आहे ती टाकी ज्या गावाला नीट सांभाळता येते, त्याच गावाला पुढचं काम."

रंगूबाई वरच्या वस्तीवरची. नातू फौजेत, दूर बर्फाच्या मुलखात. घरात ती आणि नातसून क्रांती. गेल्या उन्हाळ्यात क्रांती भरल्या घागरीसकट चढणीवर पडली आणि पोटातलं गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, पण घागर काही सुटली नव्हती. रंगूबाईच्या गुडघ्यांत चढणीचं बळ उरलं नव्हतं. पाइप वर यावा, एवढं एकच मागणं ती म्हसवडच्या सिद्धनाथाकडं मागत होती.

आणि त्या मागण्यापायीच सकाळी ते झालं होतं.

नव्या पाण्याची ओटी भरल्याबिगर ते पाणी भोगू नये, हे तिच्या सासूनं तिला शिकवलेलं. मोठ्या दुष्काळात गावात सरकारी विहीर खणली, तेव्हा रंगूबाई नवी नवरी होती. पाणी लागलं तशा बायका खण-नारळ घेऊन काठावर गेल्या. पण ओव्हरशियर घाईत. "नंतर, नंतर," म्हणत त्यानं इंजिन चालू केलं आणि बायका ताटं घेऊन परत आल्या. वर्ष फिरायच्या आत त्या विहिरीच्या तळाला पोरं गोट्या खेळत होती. शिकलेली माणसं म्हणत, पाऊसच नव्हता. रंगूबाई म्हणायची, पाऊस नव्हता हे खरंच; पण बोलावून आणलेल्या पाहुणीला कुंकवाचं बोटसुद्धा लावायचं नाही?

विहिरीची ओटी विहिरीत सोडतात. मग टाकीची कुठं सोडायची?

विधवेनं ओटी भरायची नाही, म्हणून ती सकाळी लांब उभी राहून सांगत होती आणि संयोगिता, शालूबाई आणि आणखी दोघी-तिघी सवाष्णी शिडीवर होत्या. झाकणाची किल्ली धैर्यशीलनं दिली होती. धैर्यशील हा कंपनीनं कामावर ठेवलेला इंजिनिअर, मिरजेचा पोरगा. वर्षभर त्यानं या माळावर ऊन खाल्लं होतं आणि कितीदा रंगूबाईच्या चुलीपुढं बसून भाकरीही.

"झाकणाला हळदकुंकू लावा ताई, पण आत काही टाकू नका हं," किल्ली देताना तो म्हणाला होता.

"न्हाई ओ, आमी काय खुळ्या हाय?" संयोगिता हसली होती.

तो यंत्राकडं गेला आणि शिडीवरून संयोगितानं खाली विचारलं, "आत्ती, सोडू का नको?"

"सोड गं. नारळ तरंगंल, खण तळाला बसंल. पाण्याला काय इजा हाय?"

खण तळाला बसला नव्हता. नळाकडं जाणाऱ्या पाइपाच्या तोंडात तो बोळ्यासारखा जाऊन बसला असणार, हे आता रंगूबाईला न बघताच दिसत होतं.

मुकुल साहेबांनी नळाखाली बाटलीत धरलेलं थोडंसं पाणी उन्हात बघितलं. "धैर्यशील, हे काय आहे?"

"सर, काल संध्याकाळपर्यंत स्वच्छ पाणी येत होतं."

"हा गंज आहे. नव्या पाइपाला आठवड्यात गंज चढतो?" साहेबांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "नव्याच्या नावाखाली जुना माल घातलात का?"

"न्हाई तरी मला वाटलंच हुतं," गर्दीतून बाळासो म्हणाला. त्याला मांडवाचं काम मिळालं नव्हतं. "एवढं झटपट काम हुतंय व्हय!"

धैर्यशील साहेबांसमोर आला. "सर, सगळा माल मी स्वतः उतरवून घेतलाय."

"म्हणूनच विचारतोय."

सत्काराचं ताट कुणाच्या तरी हातात देऊन संयोगिता रंगूबाईजवळ आली आणि पाण्याचा तांब्या पुढं करायच्या निमित्तानं वाकली. "आत्ती, तोंड उघडू नकोस. त्याच्यावर गेलं तर कंपनी दुसरा इंजिनिअर आणंल, पाइप आपल्यालाच मिळंल. आपल्यावर आलं तर गेला पाइप. क्रांतीचं तोंड आठव."

"त्याला चोर म्हणायल्यात गं."

"त्याचं वय हाय. दुसरी नोकरी मिळंल त्याला."

"चोराला?"

संयोगितानं तांब्या तिच्यापुढं खाली ठेवला.

तिकडं साहेबांनी वर बघितलं. "झाकण कुणी उघडलं होतं का? किल्ली कुणाकडं होती?"

धैर्यशीलनं बायकांच्या घोळक्याकडं एकदा बघितलं. तेवढ्यानं त्याला कळलं असावं. निदान रंगूबाईला तसं वाटलं. खाली मान घालून तो म्हणाला, "माझ्याकडंच होती, सर."

रंगूबाईनं खांबाला धरून अंग उचललं. संयोगितानं तिचा पदर ओढला. पदर तिच्या हातातच राहिला, पण म्हातारी उभी राहिली.

"साहेब, तो गंज न्हाई, हळद हाय."

लोक मागं वळून बघायला लागले.

"आमी सकाळी टाकीची ओटी भरली. मी रांडमुंड, मी न्हाई भरली. पण या पोरींना भरा म्हणून मीच लावलं. नारळ, खण, तांदूळ, सगळं आत हाय. पाइप त्यानं चांगलाच घातलाय. त्याला चोर म्हणू नगा."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. "पिण्याच्या पाण्यात? यासाठीच झाकणाला कुलूप आहे ना, आजी?"

"तुमच्या फॅक्टरीत दसऱ्याला मशिनीला हळदकुंकू लावत न्हाई व्हय?"

"लावतो. पण मशीनच्या आत नारळ घालत नाही."

आता सगळा मांडव हसला. "ते मातूर खरं," रंगूबाई म्हणाली.

पण साहेब तोवर धैर्यशीलकडं वळले होते. "म्हणजे किल्ली तुम्ही दिलीत. आणि आत्ता माझ्यासमोर खोटं बोललात."

रंगूबाई काढायला गेली काटा आणि तो खोल रुतला. ती काही बोलायच्या आत संयोगिता पुढं झाली. तिच्या हातात अजून रंगूबाईच्या पदराचं टोक होतं. "साहेब, आत काही टाकू नका असं त्यांनी बजावलं हुतं. ओटी मी सोडली. सरपंच मी. ल्ह्यायचं ते माझ्या नावावर ल्ह्या."

टाकी रिकामी करणं भागच होतं. धैर्यशीलनं तळाची तोटी उघडली आणि ऐन उन्हाळ्यात ते सोन्यासारखं पाणी माळावर वाहू लागलं. बायकांना ते बघवेना. हंडे, बादल्या, घमेली, हाताला येईल ते घेऊन गाव धावलं. जनावरांना झालं, धुण्याला झालं. शेवटी टाकीत उतरलेल्या माणसानं पाइपाच्या तोंडातून हिरवा खण ओढून काढला. धैर्यशीलनं तो मुकाट्यानं पिळला आणि दगडावर वाळत घातला.

निघताना साहेब म्हणाले, "टाकी धुवा, औषध घाला. पावसाळा संपेपर्यंत दर महिन्याला पाणी तपासू. स्वच्छ निघालं तर वरच्या पाइपाचं दिवाळीनंतर बघू. आज हो म्हणत नाही." गाडीचं दार लावता लावता त्यांनी धैर्यशीलला सांगितलं, "तुमचं सांगलीला बोलू."

गाडी गेल्यावर रंगूबाई त्याच्याजवळ गेली. "बाळा, माझ्यापायी तुझी भाकरी गेली का रं?"

"माहीत नाही, आजी." तो कसनुसा हसला. "मघाशी काढलं असतं तर चोर म्हणून काढलं असतं. आता काढलं तर बावळट म्हणून काढतील. बावळटाला काम मिळतं."

थांबत, बसत, धापा टाकत रंगूबाई चढण चढून घरी पोचली, तर बातमी तिच्या आधीच वर पोचली होती. क्रांती उंबऱ्यावर बसली होती.

"दिवाळीनंतर?" तिनं विचारलं.

"बघू म्हणालं."

"तवर मी बाळंत हुईन, आजी."

"त्या पोराला चोर म्हणायला लागली हुती..."

"ऐकलं सगळं. तुमचं खरं झालं. माझी चढण तशीच ऱ्हायली." ती चिडून बोलली असती तर रंगूबाईला बरं वाटलं असतं. क्रांती उठली, कोपऱ्यातली रिकामी घागर तिनं कमरेवर घेतली आणि दाराबाहेर पडली. गेल्या उन्हाळ्यात हीच पोर झोळीत घालून खाली नेली होती. रंगूबाई भिंत धरत मागोमाग अंगणाच्या कडेपर्यंत गेली.

क्रांती वाटेच्या तोंडाशीच थांबली होती. खालून कुणीतरी वर येत होतं. डोक्यावर हंडा, सत्काराच्या साडीचा काठ चिखलात भरलेला, चेहरा लालबुंद. अंगणात येऊन संयोगितानं हंडा उतरवला आणि ती धुळीत फतकल मारून बसली.

"आत्ती, ही काय चढण म्हणायची का जन्मठेप?" तिनं पदरानं घाम पुसला. "ही पोर आजपास्नं घागर उचलणार न्हाई. ज्यांनी ओटी भरली त्यांनी पाणी भरायचं, पाळीपाळीनं. ठरलंय आमचं."

क्रांती घागर तशीच कमरेवर धरून उभी होती. रंगूबाईनं पुढं होऊन ती तिच्या हातातून काढून घेतली. क्रांतीनं काढू दिली.

"उद्या शालूबाईची पाळी," संयोगिता म्हणाली. "चढण किती हाय ते तिला कुणी सांगू नगा. न्हाईतर यायची न्हाई."